खाकी झाकणं

सातव्या डब्यातल्या अळ्या मेल्या होत्या. तशा अळ्या मारणं हेच आमचं काम, पण सातवा डबा पांढऱ्या झाकणाचा होता, आणि पांढऱ्या झाकणाखालच्या अळ्यांनी जगायचं असं ठरलेलं होतं. एका डब्यात वीस. त्यातल्या सतरा तळाशी पडल्या होत्या, दोन झाकणाच्या कापडाला आतून चिकटून तशाच वाळल्या होत्या, आणि एक अजून अंगाचा मागचा भाग तेवढा हलवत होती. मी चिमट्यानं तिला उलटी केली. जिवंत अळी लगेच सुलटी होते, ही झाली नाही. सकाळचे साडेनऊ वाजले होते, शेजारच्या खोलीत कुणीतरी काचेची भांडी धूत होतं. वहीत आकडा लिहायचा म्हणून पेनचं टोपण काढलं आणि तशीच बसून राहिले. मनात पहिल्यांदा जे आलं त्याची मला अजून लाज वाटते. कुणी पाहिलं तर नाही ना, एवढंच आलं.

कॉलेजातल्या आमच्या स्पर्धेच्या गटात मला अळीवाली म्हणतात. कॅप्टन, म्हणजे आमच्याहून एक वर्ष पुढची मुलगी, जिच्या डोक्यातून हे सगळं निघालं, ती जिवाणू घडवते. गणित्या आकडे सांभाळतो. मी अळ्या वाढवते. अंडी फुटली की कुंचल्याच्या टोकानं एकेक उचलून डब्यात सोडायची, कडधान्याच्या पिठाच्या जेलीचे तुकडे कापून द्यायचे, घाण झाडायची, मेलेल्या मोजायच्या. हे काम कुणालाच नको होतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं असं सगळे समजतात, पण मी ते मागून घेतलं होतं. कॅप्टनचा जिवाणू गरीब आहे. माणसाच्या पोटात गेला तरी काही करत नाही, मधमाशी त्याच्यावर बसून उडून जाते. त्याच्या आत आम्ही एक छोटासा निरोप बसवलाय, आणि तो फक्त या एकाच जातीच्या अळीला कळतो. जेलीबरोबर तो पोटात गेला की अळीच्या शरीरातलं एक जनुक गप्प होतं आणि तिची भूकच संपते. फवारा नाही, वास नाही, तोंडाला बांधायला फडकं नाही. गटाच्या निवडीच्या वेळी आमच्या मार्गदर्शक मॅडमनी प्रत्येकाला विचारलं होतं, तुला हे का करायचंय. बाकीच्यांनी माती, पाणी, पक्षी वगैरे सांगितलं. मी म्हटलं, माझे वडील फवारणीवाले आहेत. मॅडमनी पुढं काही विचारलं नाही. बाबांचा आजार दाखवून मी जागा मिळवली असं मला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं, आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही.

बाबांनी तीस वर्षं फवारलं. हॉटेलांची स्वयंपाकघरं, गोदामं, सिनेमागृहातल्या खुर्च्यांच्या खालच्या फटी, बाळ यायच्या आधी रिकाम्या करून घेतलेल्या खोल्या. पाठीवर टाकी, हातात नळी आणि अंगात कंपनीचा खाकी कोट. आपल्या गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नाही, हा त्यांचा आवडता विनोद होता आणि गिऱ्हाईक म्हणजे झुरळं. घरी आले की कोट दारामागच्या खिळ्याला लागायचा आणि ते सरळ न्हाणीघरात जायचे. तोवर त्यांना हात लावायचा नाही, हा आईचा कायदा. कोटाबद्दल मात्र कायदा नव्हता, किंवा आईला तो सुचला नाही. मी सात-आठ वर्षांची असताना त्या कोटाच्या आत शिरून उभी राहायची. आत अंधार असायचा, गोडसर, घशाशी येणारा वास असायचा, आणि बाबा घरात आहेत एवढं पक्कं ठाऊक असायचं. परीक्षेला निघताना मी त्यात तोंड खुपसून जायची. त्या वासानं मला धीर यायचा हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मग त्यांची बोटं थरथरायला लागली. आधी नळीचा खटका दाबताना, मग शर्टाची बटणं लावताना, मग कायमचीच. दीड वर्षापूर्वी त्यांनी काम सोडलं, म्हणजे कामानं त्यांना सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता त्या औषधांशी संबंध येणार नाही, आहे त्याच्यापेक्षा वाढायला नको. तेव्हा ते काठी टेकत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचे. आता कप धरता येत नाही. आई कप धरते आणि दुसरीकडे बघते, म्हणजे त्यांना बरं वाटावं.

झाकणांची गोष्ट साधी होती. सुरुवातीला आम्ही डब्यांची स्वतःची प्लॅस्टिकची झाकणं वापरायचो. आत दमट व्हायचं, जेलीवर बुरशी यायची, औषधाच्या आणि साध्या, दोन्ही डब्यांतल्या अळ्या सारख्याच मरायच्या किंवा सारख्याच जगायच्या, आणि गणित्या कपाळाला हात लावायचा. जाळीचं कापड लावलं तर त्यातून या धाग्याएवढ्या अळ्या बाहेर. घट्ट विणीचं पण हवा खेळेल असं कापड हवं होतं. मी घरी सहज बोलले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं वीस झाकणं माझ्यापुढं ठेवली. कडेला इलॅस्टिक घातलेलं, टाके इतके सारखे की मशीननंही लाजावं. दहा पांढरी, जुन्या चादरीची. दहा खाकी. बाबांचा कोट तिनं कापला होता. असं कापड आता मिळत नाही, टाकवत नाही, म्हणाली. खिळ्याला नुसता टांगून ठेवलाय, त्यापेक्षा पोरीच्या कामाला येऊ दे. बाबा कॉटवर पडून ऐकत होते. म्हणाले, बरं झालं, माझाही हात लागला तुमच्या औषधाला. ते हसले तेव्हा मला भरून आलं. आणि मग कॉलेजात, सगळ्यांसमोर, मीच सुचवलं की खाकी झाकणं औषधाच्या डब्यांना आणि पांढरी साध्या डब्यांना लावू. लांबूनही कळेल, चिठ्ठ्या पडल्या तरी घोळ होणार नाही. कॅप्टन म्हणाली, अळीवाली, तुझं डोकं चालतं हं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात की दोन डब्यांत औषध सोडून दुसरा कसलाही फरक ठेवायचा नाही, दिव्याचासुद्धा नाही. कापड कुणी मोजलं नाही. पाच दिवसांनी खाकी झाकणांखाली शंभरात चौऱ्याण्णव मेलेल्या निघाल्या आणि पांढऱ्यांखाली पाच. गणित्यानं तीनदा मोजलं आणि मग खुर्चीवर चढून नाचला. बुरशी गेली म्हणून आता खरा निकाल दिसला, असं आम्ही एकमेकांना समजावून सांगितलं. स्पर्धेच्या फलकावर कॅप्टननं खाली आभारात आईचं नाव घातलं, शिवणकामाबद्दल. मी त्याचा फोटो घरी दाखवला. आईनं चष्मा लावून तो वाचला आणि नुसतं, बाई बाई, म्हणाली.

सातव्या डब्याचं झाकण मागच्या आठवड्यात धुताना फाटलं होतं. आईनं लगेच दुसरं शिवून दिलं. आता मी ते काढून खिडकीशी धरलं. पांढरं होतं, पण चादरीचं पांढरं नव्हतं, जरा पिवळटसर, आणि एका बाजूला रुपयाएवढा फिकट निळा डाग. तो डाग मी ओळखते. बाबांच्या छातीच्या खिशात पेन असायचं, पावत्या लिहायला, आणि एकदा ते गळलं होतं. निळं पाणी खिशातून आतल्या अस्तरापर्यंत गेलं होतं. आईनं लिंबू लावून पाहिलं, मीठ लावून पाहिलं, डाग फिकटला पण गेला नाही. कोटाच्या आत उभी असताना तो माझ्या डोळ्यांसमोरच यायचा. चादर संपली म्हणून आईनं अस्तर घेतलं होतं, रंग जुळतो म्हणून. मी झाकण खाली ठेवलं. बारक्या अळ्यांची एक खोड असते, डब्यात सोडल्या की आधी वर चढतात, उजेडाकडं, आणि झाकणाला आतून लोंबकळत राहतात. हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग आकडे आपोआप समोर आले. पहिल्या वेळी चौऱ्याण्णव, दुसऱ्या वेळी एकोणनव्वद, तिसऱ्या वेळी एक्क्याऐंशी. कॅप्टन म्हणाली होती जिवाणू जुने झाले, ताजे करू. दरवेळी मध्ये मी झाकणं धूत होते. मी उठून हात नळाखाली धरले, साबण लावला, परत धरले, आणि आपण हात का धुतोय हे लक्षात आल्यावर जास्तच भीती वाटली.

मी कुणाला काही बोलले नाही. कोपऱ्यातल्या फळीवर चार डबे मांडले. दोन डब्यांत नुसती जेली, वर खाकी झाकण. दोन डब्यांत औषधाची जेली, वर चादरीचं पांढरं. पाच दिवस थांबायचं होतं. त्या पाच दिवसांत मी जेवले, तास केले, फलकावरची अक्षरं मोठी करायची की नाही यावर वाद घातला. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या पिशवीचं कापड निरखत राहायची. घरी गेलं की बाबा विचारायचे, आज किती. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं. एवढं एकच वाक्य त्यांना आता स्वच्छ बोलता येतं, कारण रोज बोलतात. त्यांना सगळं पाठ होतं, चौऱ्याण्णव, एकोणनव्वद. शेजाऱ्यांना, औषधं आणून देणाऱ्याला, फोन चुकून लागलेल्या माणसालासुद्धा त्यांनी सांगितलं होतं की माझ्या मुलीनं माझा धंदा बंद पाडला. त्यात त्यांना किती आनंद होता. तीस वर्षं आपण जे केलं ते शेवटचं होतं, यापुढं कुणाचे हात असे होणार नाहीत, आणि ते आपल्या पोरीनं केलं. दुसरं त्यांच्यापाशी काही उरलेलंही नव्हतं. मी म्हणायची, अजून मोजायच्यात बाबा. ते म्हणायचे, मोज मोज, घाई नको. माझ्याच मनात मी त्या खाकी डब्यातल्या अळ्यांची विनवणी करत होते. जगा गं बायांनो. जिला त्यांच्या मरणाचं बक्षीस मिळणार होतं तीच मी, जगा म्हणत होते.

जगल्या नाहीत. नुसत्या जेलीवरच्या चाळीसपैकी बत्तीस मेल्या. आमचं औषध खाऊन चादरीखाली राहिलेल्या चाळीसपैकी तीन मेल्या, बाकीच्या चांगल्या गुबगुबीत झाल्या होत्या.

कॅप्टनला मी जिन्यात सांगितलं. चारही डबे पिशवीत घालून घेऊन गेले होते, कारण नुसतं बोलून ती ऐकणार नाही असं वाटलं. ती पायरीवर बसली, एकेक डबा उघडून बघितला. मग विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"स्पर्धेला नऊ दिवस राहिलेत."

"माहितीय."

"कोट तुझ्या बाबांचा आहे हे मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, किती छान. फलकावर टाकू म्हणालीस."

तिला आठवलं. तिनं डबा बंद केला, इलॅस्टिक बोटानं सारखं केलं, आणि ते खाकी आहे हे लक्षात येऊन हात झटकला. "तीन वर्षं गं," ती म्हणाली. "माझं ठरलेलं लग्न मोडलं या जिवाणूपायी. आई म्हणते जंतूंशीच संसार कर." तिला हसायचं होतं, ते नीट जमलं नाही. मग ती म्हणाली, "असं धर की तू हे बघितलंच नाहीस. सातवा डबा सांडला. डबे सांडतात." मला तिचा राग आला नाही, हेच वाईट होतं. पहिल्या दिवशी माझ्याही मनात तेच आलं होतं, फक्त मी ते बोलले नव्हते. काही वेळानं ती स्वतःच उठली, पिशवी घेतली आणि म्हणाली, "चल. मॅडमचा तास सुटेल आता."

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, कोट कुठलं औषध फवारताना वापरायचे, आणि मी तीन-चार नावं सांगितल्यावर त्यांनी खुर्ची जरा मागं घेतली. म्हणाल्या, कापडात मुरतं ते, उकळूनही जात नाही. सगळी झाकणं दुहेरी पिशवीत बांधा, हातमोजे घाला. नव्यानं सगळं करा, गाळणकागदाची झाकणं लावा, आणि जे येईल ते फलकावर लिहा. आम्ही नव्यानं केलं. वीस डबे, सगळ्यांना एकसारखी झाकणं. गणित्यानं आकडे मांडले, आणि यावेळी एकदाच मोजले. औषधाच्या डब्यांत शंभरात सहा. साध्या डब्यांत शंभरात पाच. तो म्हणाला, यावर नाचता येणार नाही. फलक नवा छापला. आभारातलं आईचं नाव राहू द्यावं की काढावं यावर कुणीच काही बोललं नाही, आणि ते निघून गेलं.

खरं सांगायचं तर हे सगळं मला तितकंसं लागलं नाही. हरलो, ठीक आहे, पुढच्या वर्षी कुणी दुसरा निरोप शोधेल. माझ्या डोक्यात मॅडमचं एकच वाक्य फिरत होतं, कापडात मुरतं ते, आणि त्याच्या मागं दुसरी एक गोष्ट हळूहळू उभी राहत होती. मी तिला दोन दिवस पाठ दाखवली. कोट मोठा होता. बाह्यांची आणि पुढच्या पदरांची मिळून दहा झाकणं निघतात. पाठीचा अख्खा तुकडा उरतो. आई उरलेलं कापड टाकणारी बाई नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाबांच्या कॉटशी जाऊन उभी राहिले. ते जागे होते, मान एका बाजूला, गाल उशीवर दाबलेला. अभ्रा खाकी होता. मी तो रोज बघत होते. कोट कापला तेव्हापासून, आठ महिने, रोज बघत होते. गालाखाली लाळेनं ओला झालेला गडद गोल होता, आणि कोटाच्या पाठीवर टाकीचा पट्टा घासून पडलेला विटका पट्टा त्यांच्या कानाखालून तिरका गेला होता. आई म्हणाली होती, या उशीवर त्यांना चांगली झोप लागते. ते म्हणाले होते, ओळखीचा वास आहे. आठ महिन्यांपूर्वी ते काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जात होते. यामुळंच झालं असं मी म्हणत नाही. तीस वर्षं एकीकडं आणि एक अभ्रा एकीकडं, हे कुणी डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि गणित्यालाही मांडता येणार नाही. पण मी मोजणारी आहे. आईला म्हटलं, अभ्रा दे, झाकणाला आणखी कापड लागतंय. तिनं आनंदानं काढून दिला. म्हणाली, घे घे, तुझ्या कामापेक्षा उशी मोठी आहे का. बाबा म्हणाले, "माझा कोट अजून ड्युटीवर आहे म्हणायचा."

मी तो कापला. ओल्या गोलाच्या बाजूचा तुकडा घेतला, एक डबा, नुसती जेली, वीस अळ्या. मला कळायला हवं होतं असं नाही, मला कळलेलंच होतं. तरी मांडला. दुसरं काही करायला मला येत नाही. पाचव्या दिवशी झाकण काढलं, वहीत आकडा लिहिला, डबा मॅडमनी सांगितल्याप्रमाणे दुहेरी पिशवीत बांधला आणि घरी आले.

दिवेलागण झाली होती. आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. बाबांच्या उशीला आता फुलाफुलांचा जुना अभ्रा होता. त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला, तेवढ्यानंच त्यांचा सगळा हात थरथरला. पण वाक्य स्वच्छ आलं.

"आज किती?"

आमचं औषध फसलं हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. कसं सांगायचं ते सुचलं नव्हतं. मी चप्पल काढली, पिशवी खाली ठेवली.

"सगळ्या," म्हटलं. "वीसच्या वीस."

त्यांचा चेहरा उजळला. इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता. "वीसच्या वीस," ते म्हणाले. "आमच्या टाकीनं असं कधी जमलं नाही. एखादं तरी निसटायचंच." त्यांनी हात वर करायचा प्रयत्न केला, मी खाली वाकले, आणि तो हात माझ्या डोक्यावर आला आणि थरथरत राहिला. मला ओरडून रडायचं होतं. मी तशीच वाकून राहिले.

"कुठल्या कापडाखालच्या?" आईनं दारातून विचारलं.

माझ्या डोक्यावर बाबांचा हात होता, मला मान वळवता येत नव्हती. आईचं हात पुसणं थांबलेलं मला ऐकू आलं.

"तीन वेळा उकळत्या पाण्यातून काढला होता मी तो," ती म्हणाली. कुणी काही विचारलेलं नव्हतं.

मग ती आली. एका हातानं तिनं बाबांची मान उचलली, दुसऱ्या हातानं त्यांच्या डोक्याखालची उशी ओढून काढली, आणि ती लांब धरून, अंगाला लागू न देता, मागच्या दारानं बाहेर नेऊन ठेवली. परत येऊन तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. "अगं, चांगली उशी आहे ती," बाबा म्हणाले. आपल्या अंथरुणावरून स्वतःची उशी आणून तिनं त्यांच्या डोक्याखाली सारली.